घोडं कुठं बांधू?

अमेरिकेत डोंगराळ जंगलात घोडे घेऊन मुक्कामाला जायची पद्धत आहे. तिथल्या वनखात्याने त्यासाठी वेगळे तळच आखून दिले आहेत. घोड्यांसाठी लाकडी कुंपणाचा वाडा, पाण्याची डोणी, घोडे वाहून आणणारी लांबलचक गाडी वळवायला भरपूर मोकळी जागा. आणि उरलेल्या कोपऱ्यात माणसासाठी एक बाक आणि एक चूल. एवढी मांडणी पाहिली तरी पाहुणा कोण आणि त्याच्यासोबत आलेला गडी कोण, हे कळून चुकतं.

माझा एक भाचा तिकडे वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड डोंगरांच्या पायथ्याशी राहतो. आठवडाभर संगणकापुढे बसतो आणि सुट्टी आली की मित्राचे घोडे घेऊन डोंगर चढतो. डिसेंबरात तो चंद्रपूरला आला. पहिला दिवस झोपण्यात गेला, दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाला, "मामा, आपल्याकडे एवढं जंगल आहे. घोडे घेऊन आत राहू या की. इथे घोडं कुठं बांधतात?"

मी जन्माचा चंद्रपूरकर, इथेच सरकारी कारकुनी करून निवृत्त झालो. कोळसा कुठे, सिमेंट कुठे, वाघ कुठे असं काहीही विचारा, पत्ता सांगेन. घोड्याचा पत्ता आजवर कुणी विचारला नव्हता.

"आधी हे सांग," मी म्हटलं, "तिथे जाऊन तुम्ही करता काय?"

त्याने जे सांगितलं ते ऐकून माझ्या बहिणीने हातातली कोथिंबीर खाली ठेवली. पहाटे उठायचं ते घोड्याला पाणी दाखवायला. घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो. त्याला थेट झऱ्यावर नेलं तर काठ तुडवला जातो, म्हणून बादलीने पाणी वाहून आणायचं. चारा घरून न्यायचा आणि तोही साधा चालत नाही. त्यात तणाचं बी नाही असा दाखला असलेला लागतो, नाहीतर लिदीतून परकं तण जंगलात रुजतं. रात्री दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणून त्याला घोडे बांधायचे. झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून दोराखाली रुंद पट्टा लावायचा. रात्री बाहेर जरा खुट्ट झालं की विजेरी घेऊन धावायचं, कारण घोड्याला ओकता येत नाही आणि त्याच्या पोटात दुखू लागलं तर प्रकरण जिवावर बेततं. आणि निघताना तळावरची सगळी लीद फावड्याने उचलायची.

"म्हणजे तू तिथे मोतद्दार आहेस," मी म्हटलं.

"तसंच काहीसं."

"पगार किती देतात?"

"पगार कसला, मामा? तळाचं भाडं आपणच भरायचं."

लहानपणी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीपलीकडे या मुलाने कुठल्या जनावराला हात लावला नव्हता. बहीण म्हणाली, "शेणं काढायचीच हौस होती तर बारावीला दोन-दोन क्लास कशाला लावले रे?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण बहिणीचा पोरगा सातासमुद्रापलीकडून येऊन घोडा मागतोय म्हटल्यावर मामाला उठावंच लागलं.

आजच्या चंद्रपुरात घोडा म्हणजे वरातीची घोडी. आम्ही एका घोडीवाल्याकडे गेलो. त्याने वही उघडली.

"तारीख कोनती जी?"

"तारखेचं काही नाही. लग्नासाठी नको आहे."

"मंग?"

"जंगलात मुक्काम करायचा आहे. दोन दिवस."

त्याने वही मिटली, भाच्याकडे नीट पाहिलं आणि माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, "पोरीच्या घरचे तयार नाहीत का भाऊ?"

समजूत काढायला वेळ लागला. भाच्याने कॅस्केडचे फोटो दाखवले. ते घोडीवाल्याने आदराने पाहिले आणि मग आपली अडचण सांगितली. "आपली घोडी लाखात एक आहे जी. पण तिले एकच चाल येते. दोन पावलं जाते, नाचते, उभी राहते. चौकातून मंगल कार्यालयात जायले तीन घंटे लागतात. ताडोब्याले कवा पोचसान?"

भाचा इंजिनियर आहे, हार मानत नाही. त्याचं म्हणणं, जी घोडी डीजेच्या भिंतीपुढे बुजत नाही ती वाघापुढे काय बुजणार.

"घोडी नाहीच बुजणार जी," मालक म्हणाला. "वाघ बी नाही बुजत. तीच तर पंचाईत हाय."

जंगलशास्त्रावरची मी ऐकलेली सगळी व्याख्यानं या एका वाक्यात बसतात. अमेरिकेत अस्वलाच्या भीतीने खाण्याचा डबा झाडावर उंच टांगतात. आपल्याकडे दोन झाडांमध्ये दोर ताणून घोडा बांधला तर डबाच चार पायांवर उभा करून ठेवल्यासारखं होईल. चंद्रपूरच्या वाघाला त्यासाठी ताडोब्यातून उठून यायचीही गरज नाही. औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही त्याचा वावर राहिलेला आहे. आणि ताडोब्याच्या मोहर्ली नाहीतर कोलारा फाटकावर घोडी घेऊन उभं राहायचं म्हटलं तर कायदा आडवा येतो. ताडोबा हे १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, राज्यातलं सर्वांत जुनं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावराला चरायला बंदी आहे. अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या गुराढोरांना रोगप्रतिबंधक लस टोचण्याची व्यवस्था करायलाही तोच कायदा सांगतो. माणसाने मात्र जिप्सीत बसायचं, खाली उतरायचं नाही, आणि मंगळवारी यायचंच नाही, कारण मंगळवारी जंगल बंद असतं. वाघाला आठवड्याची सुट्टी मिळते. ही रजेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समजा, वाघ जेवून बसलेला आहे आणि कायदाही दुसरीकडे पाहतो आहे. तरी घोड्याचा आणखी एक वैरी उरतोच, आणि तो बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जंगलात डांस आणि गोमाश्या घोंगावतात. त्यांच्या चाव्यातून सर्रा नावाचा रोग पसरतो. घोड्याला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. पायांवर आणि पोटाखाली सूज उतरते. चांगलं तगडं जनावर वाळत वाळत शेवटी उभं राहीनासं होतं. गाई-म्हशींच्या रक्तात हाच जंतू बहुधा गुपचूप नांदतो, घोड्याला मात्र तो उपचार न झाल्यास संपवतो. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइलखानकडच्या घोड्या-उंटांच्या रक्तात हा जंतू शोधला. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याचं म्हणणं मनावर घेतलं नाही. रक्तात वळवळणारे जंतू दिसतात म्हणून ते रोगाचं कारण कसं असेल, असा त्यांचा सवाल होता. मोठ्या डॉक्टरांचं हे वळण आजही मोडलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

तरीही साहेब लोक घोड्यावरूनच फिरायचे. चांदा, म्हणजे तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, इंग्रजांकडे आल्यावर दरवर्षी हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघे. तंबूंचे दोन संच असत. एका तंबूत साहेब झोपलेला असताना दुसरा बैलगाड्यांतून रातोरात पुढच्या मुक्कामी जाई. सकाळी साहेब घोड्यावर बसून दुडक्या चालीने पोचे तेव्हा चहा तयार. चहा कुणी तयार केला, घोड्याला खरारा कुणी केला, गवत कुणी कापलं, हे साहेबाच्या पुस्तकात क्वचितच येतं. जंगल, चांदणं आणि शिकार मात्र प्रकरणामागून प्रकरणं येतात. भाच्याच्या आणि साहेबाच्या मुक्कामात फरक असेल तर तो एवढाच, की भाच्याच्या तळावर साहेब आणि गडी एकाच पँटमध्ये असतात.

साहेबाच्याही आधी गोंड राजे इथे घोडा फिरवीत होते. चंद्रपूर वसलं त्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला, तहान लागली म्हणून झरपटीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधत गेला, त्या पाण्याने त्याच्या अंगावरचे फोड बरे झाले. पुढे त्याने पाहिलं, की एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागलेला आहे. पुढे ससा, मागे कुत्रा असं नव्हे. पुढे कुत्रा आणि मागे ससा. राणी शहाणी होती. ती म्हणाली, जिथे ससा कुत्र्याला पळवतो ती जागा साधी नाही, त्या पळापळीच्या वाटेवरच कोट बांधा. या कथेत कुत्र्याला भूमिका आहे, सशाला आहे, राणीला आहे. राजाला पाठीवर घेऊन फिरणाऱ्या घोड्याला एक ओळसुद्धा नाही. पुढे कोट झाला, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा असे दरवाजे झाले आणि त्यांवर राजचिन्ह कोरलं गेलं. त्यातही सिंह आहे आणि सिंहाच्या पायाखाली हत्ती आहे. घोडा नाही. या मुलखात घोड्याची कदर अशी पूर्वापार.

"घोडाच हवा असेल तर माथेरानला जा," मी भाच्याला म्हटलं. १८५० मध्ये ह्यू मॅलेट साहेबाने तो डोंगर शोधून काढला आणि तिथे मोटारींना बंदी असल्याने घोडा अजून मानाने नोकरीत आहे. भाचा म्हणाला, माथेरानला मुक्काम होतो, पण मालक लगाम धरून पुढे चालतो, ते काही खरं नाही. त्याला जनावर हवं होतं आणि जनावराची चाकरी हवी होती. मग मला गडचिरोली जिल्ह्यातलं कमलापूर आठवलं.

गडचिरोली आमच्यातूनच २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. जाताना चांगलं जंगल घेऊन गेला. बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडली की सागाची झाडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहतात. आलापल्लीचा साग म्हणजे साधी गोष्ट नव्हे; अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इकडचंच लाकूड गेलं. एकेकाळी हे ओंडके जंगलातून ओढून काढायला वनखात्याने हत्ती पाळले. पुढे ट्रॅक्टर आणि क्रेन आल्या, हत्तींचं काम गेलं, हत्ती राहिले. सरकारी नोकरीत असं होतं. अहेरी तालुक्यात, सिरोंचा वनविभागातला कमलापूरचा हत्ती कॅम्प हा त्याचा वारस.

आम्ही आलापल्लीला उतरलो आणि भल्या सकाळी कमलापूर गाठलं. भाच्याने जाड तळाचे बूट, टोपी, हातमोजे असा जामानिमा केला होता. तळ्याकाठी माहूत चहा पीत होते. हत्ती कुठेच नव्हते.

"बांधले कुठे आहेत?" भाच्याने विचारलं.

माहुताला प्रश्न कळला नाही. रात्री हत्तींना जंगलात सोडतात. पायाला लांब साखळी असते, ती ओढत ते हवे तिथे चरतात. सकाळी माहूत आणि चाराकटर साखळीच्या खुणेवरून माग काढत जातात आणि हत्ती सापडेल तिथून त्याला घेऊन येतात. हत्ती जवळच असला तर लवकर, लांब गेला असला तर उशिरा.

"पण रात्री आला नाही परत तर?"

"तो कायले येईन परत?" माहूत म्हणाला. "आमालेच जा लागते ना जी."

भाच्याने हातमोजे काढून खिशात घातले. कॅस्केडमध्ये घोडा पळून जाऊ नये म्हणून माणसं रात्रभर एक डोळा उघडा ठेवून झोपतात. इथे जनावर रात्रभर हवं तिथे फिरतं, माणूस निवांत झोपतो आणि सकाळी साहेबांना न्यायला हजर होतो. माझ्या मते तळ चालवण्याची यापेक्षा प्रामाणिक पद्धत नाही. हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. एवढा चारा गाडीत घालून नेणारा हौशी मुक्कामकरी अमेरिकेतही सापडायचा नाही. त्यापेक्षा त्याचं त्याला जेवू द्यावं हे बरं.

मग हत्ती आले. बसंती, मंगला, रूपा, अजित अशी त्यांची नावं. हजेरीपटावर वाचली तर एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग वाटावा. तळ्यात आंघोळ झाली. माहूत पाठीवर चढून घासत होते आणि हत्ती कूस बदलून उरलेली बाजू पुढे करत होते. त्यानंतर भात, गूळ, मीठ असा खुराक. भाच्याने एका माहुताला विचारून घासायला हात लावला. अर्ध्या पाठीला पोचेस्तोवर त्याची दमछाक झाली, आणि हत्तिणीने सोंडेतलं पाणी त्याच्या नव्या टोपीवर सोडलं. तो इतका खूश झालेला मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मला मात्र खरी असूया वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. या हत्तींना दरवर्षी जानेवारीत दहा दिवसांची वैद्यकीय रजा मिळते. थंडीत तळव्यांना भेगा पडू नयेत म्हणून जडीबुटी उकळून तयार केलेल्या औषधाने त्यांचे पाय शेकतात. त्याला इथे चोपिंग म्हणतात. त्या काळात त्यांना काम नाही आणि पाहुणेही नाहीत. मी उभी नोकरी करून सांगतो, वैद्यकीय रजेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकाचा दाखला लागतो, त्यावर साहेबाचा शेरा लागतो आणि रजा मंजूर होईपर्यंत माणूस बरा होऊन कामावर येतो. इथे अर्ज नाही, शेरा नाही. पाय पुढे केला की रजा मंजूर. शिवाय पाय शेकायला माणसं सरकारचीच.

अशा कर्मचाऱ्यांच्या बदलीची बातमी २०२२ च्या जानेवारीत आली, गुजरातेत जामनगरला. त्या वर्षी ताडोब्यातले काही हत्ती गेले, पातानीलच्या हत्ती कॅम्पातले गेले. कमलापूरच्या हत्तींसाठी मात्र गावकरी उभे राहिले, निवेदनं झाली, आंदोलनं झाली, आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले. पुढे २०२५ मध्ये नांदणीच्या माधुरी हत्तिणीच्या अशाच बदलीविरुद्ध सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ती बातमी पाहिली. गडचिरोलीने तेच तीन वर्षं आधी केलं होतं. कॅमेरे आष्टीचा पूल ओलांडून सहसा येत नाहीत, म्हणून तुम्हाला ते कळलं नाही.

कमलापूरचं पाहून रानातल्या हत्तींनीही जिल्हा पसंत केला असावा. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप धानोरा तालुक्यात उतरला आणि राहिला. यांना माहूत नाही, साखळी नाही, नाव नाही. उभा धान आणि घरातली मोहफुलं यांवर त्यांचा मुक्काम चालतो. त्यात शेतकऱ्यांच्या झोपड्या मोडल्या आणि माणसंही गेली, म्हणून या कळपावर विनोद करवत नाही. ज्या शेतकऱ्याला रात्री टेंभा घेऊन धानाच्या बांधीत उभं राहावं लागतं, त्याला जनावरांसोबत जंगलात मुक्काम करण्याची हौस विकत घ्यावी लागत नाही.

परतताना भाचा गाडीत बराच वेळ गप्प होता. आष्टी ओलांडल्यावर म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी घोडं नको. रोज सकाळी जंगलात जाऊन हत्ती शोधून आणायचं काम मिळेल का बघा. बिनपगारी चालेल." मी म्हटलं, ती सरकारी पदं आहेत, बिनपगारी भरती निघत नाही.

तुम्ही कमलापूरला जाणार असाल तर सकाळी जा, माहूत हत्ती घेऊन परत येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा, आणि जानेवारीत निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. हत्ती रजेवर असले तर कुणी आले म्हणून त्यांना कामावर बोलावत नाहीत.